इमानाच्या दोन बाजू

मराठीत इमान राखतात, इमान विकतात आणि इमानाला जागतातही. निष्ठा मात्र वाहतात. इमान जाते, निष्ठा ढळते. इमान विकता येते, याचा अर्थ त्याला घेणारा कोणी तरी असतो आणि त्याचे काही मोल ठरलेले असते. निष्ठा विकली असे कोणी सहसा म्हणत नाही, ‘निष्ठा बदलली’ एवढेच म्हणून थांबतात. शब्दकोशात हे दोन शब्द एकमेकांच्या अर्थासमोर सहज बसतात, पण त्यांच्याबरोबर चालणारी क्रियापदे पाहिली, की त्यांचा संसार वेगळा आहे हे कळते.

ओळखीतल्या मंडळींच्या निवृत्तीसाठी मानपत्रे लिहून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आपसूक आले आहे, आणि त्या निमित्ताने या दोन शब्दांशी माझा वारंवार संबंध येतो. समारंभाची समिती जो कच्चा मजकूर पाठवते, त्यात ‘संस्थेची एकनिष्ठ सेवा’ हे शब्द बहुधा आधीच असतात. त्यांच्या जागी मी ‘इमानेइतबारे नोकरी केली’ असे लिहिले, तर अधिकाऱ्याच्या मानपत्रातून ते हमखास खोडले जाते आणि शिपायाच्या मानपत्रात तसेच राहू दिले जाते. इतबार म्हणजे विश्वास. इमान आणि इतबार हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठी कागदपत्रांत आले आणि शतकानुशतके सरदारांपासून हुजऱ्यांपर्यंत सर्वांना पुरले. आज मात्र इमान राखणदाराला, सालगड्याला आणि कुत्र्याला शोभणारा गुण मानला जातो, तर निष्ठा कार्यकर्त्याला, अधिकाऱ्याला आणि नेत्याला. शब्दांची ही जातवारी केव्हा झाली याची नेमकी तारीख कोणी सांगू शकणार नाही, परंतु या बदलात आपले काही तरी गमावले आहे असे मला वाटते, आणि ते काय, हेच येथे मांडायचे आहे.

आधी निष्ठेकडे पाहू. ‘नि’ आणि ‘स्था’ यांपासून झालेल्या या शब्दात ठाम उभे राहणे आहे, एखाद्या गोष्टीवर टेकून असणे आहे, आणि शेवटास जाणेही आहे. पाणिनीने ‘क्तक्तवतू निष्ठा’ असे सूत्र करून भूतकाळवाचक कृदन्तांच्या दोन प्रत्ययांना निष्ठा ही संज्ञा दिली. ‘गत’, ‘कृत’, ‘कृतवान्’ ही रूपे या प्रत्ययांची, म्हणजे क्रिया पुरी झाल्याचे सांगणारी. जन्मभर ब्रह्मचर्य पाळणाऱ्याला नैष्ठिक म्हणतात, तेही शेवटपर्यंत या अर्थानेच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘लोकेऽस्मिन् द्विविधा निष्ठा’ असे श्रीकृष्ण म्हणतो तेव्हा ज्ञान आणि कर्म या दोन मार्गांवरची स्थिती त्याला अभिप्रेत आहे. कोणा मालकाशी किंवा राजाशी एकनिष्ठ राहण्याचा तेथे प्रश्न नाही. हा जुना अर्थ मराठीत अजून एका कोपऱ्यात जिवंत आहे. स्पर्धा परीक्षेतले वस्तुनिष्ठ प्रश्न वस्तूशी प्रामाणिक नसतात, ते वस्तुस्थितीवर उभे असतात. ‘व्यक्तिनिष्ठ’ या शब्दाने तर मोठी गंमत केली आहे: समीक्षेत त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या मतावर अवलंबून असलेले, आणि राजकारणात त्याचा अर्थ एका माणसाच्या पाठीशी उभे राहणारे.

मराठीत निष्ठेला आजचा भावार्थ देण्यात संतांचा वाटा सर्वांत मोठा आहे. ‘निष्ठावंत भाव भक्तांचा स्वधर्म । निर्धार हें वर्म चुकों नये’ असे तुकोबा म्हणतात आणि पुढे या निष्ठेची व्याख्याच करून टाकतात: ‘निष्काम निश्चळ विठ्ठलीं विश्वास । पाहों नये वास आणिकांची’. येथे वास म्हणजे वाट. दुसऱ्या कोणाची वाट पाहू नये. निष्काम हा शब्दही ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण ही निष्ठा मोबदला मागत नाही, अटी घालत नाही, आणि म्हणून ती ईश्वराखेरीज कोणाला वाहावी असा प्रश्न तुकोबांना पडतच नाही. माळ घातलेला वारकरी ‘वारी चुको न दे हरी’ असे म्हणतो, तेव्हा वारी न चुकण्याचे श्रेयदेखील तो स्वतःकडे ठेवत नाही. निष्ठा ही एका बाजूने वाहायची गोष्ट आहे, हे या वाटेने मराठी माणसाच्या अंगवळणी पडले.

मात्र ही निष्ठा मुकी नव्हती. जनाबाई ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून भर अंगणात उभी राहून देवाला झाडते. तुकोबांच्याच गाथेत ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’ अशी ओळ आहे, आणि ती वाचताना कोणाही वारकऱ्याला तुकोबांची निष्ठा ढळली असे वाटत नाही. ज्याच्यापाशी सर्वस्व ठेवले त्याच्याशी भांडण्याचा अधिकार त्या ठेवण्यातच आहे, असे संतांनी गृहीत धरले होते. निष्ठा हा शब्द देवळातून पक्षकार्यालयात आला तेव्हा निष्काम, निश्चळ ही विशेषणे त्याच्याबरोबर आली आणि भांडणाचा अधिकार मागे राहिला. चौकाचौकातल्या फलकांवर ज्या निष्ठावंतांचे फोटो असतात, त्यांच्यापैकी कोणी आपल्या साहेबांना जनाबाईच्या स्वरात दोन शब्द सुनावले, तर पुढच्या फलकावर त्याचा फोटो असेल का?

इमानाची गोष्ट निराळी आहे. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा, आणि इस्लाममध्ये तो धर्माचा गाभ्याचा शब्द आहे. अमानत, अमीन आणि प्रार्थनेच्या शेवटी येणारे आमीन हे त्याच कुळातले. सुलतानांच्या चाकरीत असलेल्या देशमुख-देशपांड्यांच्या तोंडी हा शब्द रुळला तेव्हा त्यातला परमेश्वर बाजूला राहिला आणि दोन माणसांमधला भरवसा उरला. मराठी माणसे इमान देऊ लागली, घेऊ लागली. निष्ठेला अशी देवघेव माहीत नाही. आणि एकदा देवघेव आली, की दोन्ही बाजूंना काही तरी बांधून घ्यावेच लागते.

याचे सर्वांत मोलाचे उदाहरण कान्होजी जेधे यांचे आहे. रोहिड खोऱ्याचे हे देशमुख, भोरजवळच्या कारी गावचे. १६५९ मध्ये अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हा विजापूर दरबाराने मावळातल्या देशमुखांना खानाला मिळण्याची फर्माने धाडली. कान्होजींना आलेले फर्मान त्याच वर्षीच्या जूनमधले आहे. देशमुखाच्या दृष्टीने या फर्मानाचा अर्थ सरळ होता: आलात तर वतन राहील, न आलात तर वतन जाईल. त्या काळात वतन म्हणजे जमीन, मानपान, गावातले स्थान आणि पुढच्या पिढ्यांची भाकरी हे सारे एकत्र. शेजारच्या उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी आपल्या पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवले. जेधे करीन्यातली, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या वृत्तान्तातली हकीकत अशी आहे की, महाराजांनी त्यांना वतन जाईल याची स्पष्ट जाणीव करून दिली आणि मग कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. शहाजीराजांच्या सांगण्यावरून शपथेने आपण येथे आलो, ते इमान खरे आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे.

या प्रसंगात मला विशेष वाटते ते महाराजांनी दिलेल्या त्या जाणिवेचे. आलेल्या माणसाची पाठ थोपटून त्याला लढाईवर धाडणे सोपे होते. परंतु तुझे काय जाणार आहे ते आधी पाहा, असे इमान घेणाऱ्याने इमान देणाऱ्याला सांगितले. त्यापुढची गोष्टही याच धाग्याची आहे. प्रतापगडच्या विजयानंतर कान्होजींना तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला, आणि हाती लागलेल्या खोपड्यांचा जीव वाचवावा म्हणून रदबदली करायला हेच कान्होजी पुढे आले. महाराजांनी त्यांच्या शब्दाखातर खोपड्यांना जीवदान दिले, पण नंतर त्यांचा एक हात आणि एक पाय तोडायला लावला. त्यावर कान्होजी नाराज झाले, जाब विचारायला गेले आणि त्यांना उत्तरही मिळाले: जीव राखण्याचा शब्द दिला होता, तो राखला आहे. आजच्या वाचकाला शिक्षा क्रूर वाटेल आणि उत्तर शब्दाच्या कडेवरून चालणारे वाटेल; मलाही वाटते. पण सर्वस्व पणाला लावलेला माणूस रागावून दारात उभा राहतो आणि धन्याला आपल्या कृत्याचा खुलासा करावा लागतो, हा व्यवहार इमानाच्या पोटातला आहे. कान्होजींनी प्रश्न विचारला म्हणून त्यांचे इमान कमी झाले, असे त्या काळच्या कोणी लिहिलेले नाही.

पुरंदरच्या वेढ्यात, १६६५ साली, दिलेरखानाने मुरारबाजी देशपांड्यांचे शौर्य पाहून त्यांना कौल देऊ केला, तेव्हा ‘मी शिवाजी महाराजांचा शिपाई तुझा कौल घेतो की काय?’ असे त्यांचे उत्तर सभासदाने आपल्या शिवचरित्राच्या बखरीत नोंदवले आहे. शाळेत हे वाक्य आपण केवळ त्वेषाने म्हणायला शिकलो. कौल म्हणजे अभयाचे वचन, सत्तेने प्रजेला द्यायचा शब्द. ज्याने एकाचा घेतला आहे त्याने दुसऱ्याचा कसा घ्यावा, असा मुरारबाजींचा सवाल आहे. आणि रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ एवढे तीन शब्द कोरून घेणाऱ्या हिराजी इंदुलकरांनी तर निष्ठाही म्हटले नाही आणि इमानही. गड बांधणाऱ्या माणसाने आपल्या कामाचा दाखला पायरीवर ठेवला. ‘चरणी तत्पर’ हे शब्द मराठेशाहीतल्या मुद्रांवर पुढेही दिसत राहतात, मात्र चरण बदलतात: मल्हारराव होळकरांच्या मुद्रेत ते ना छत्रपतींचे आहेत, ना पेशव्यांचे, ‘श्री म्हाळसाकांत चरणी तत्पर’ असे म्हणून त्यांनी आपली तत्परता थेट जेजुरीच्या खंडोबाकडे ठेवली. त्यात भक्ती किती आणि अठराव्या शतकातला राजकीय शहाणपणा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

इमानाच्या अक्षरांची अदलाबदल केली की इनाम होते. हे दोन शब्द एका धातूचे नाहीत, पण मराठी कानाला ते शेजारी वाटतात आणि मराठी इतिहासात ते शेजारी राहिलेही. प्रश्न येतो तो इनामाच्या नावाखाली इमान वसूल करण्याचा, आणि येथे इमानाची काळी बाजू पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठीत मिठाला जागतात, अन्नाला जागतात, शब्दाला जागतात. जागणे हे क्रियापद निष्ठेतल्या उभे राहण्यापेक्षा मला अधिक सजग वाटते, कारण जागा असलेला माणूस पाहतो, ओळखतो आणि वेळ आली तर ओरडतोही. परंतु हे मीठ कोणाचे, हा हिशेब नेहमी एकाच बाजूने मांडला गेला. मराठवाड्यातल्या आमच्या घरी पाडव्याला सालगड्याचे साल ठरत असे. वर्षभराच्या कामाचे धान्य, पैसे, कपडा यांची बोली होई. आमची आजी एका म्हाताऱ्या गड्याबद्दल ‘खाल्ल्या मिठाला जागला हो’ असे फार आपुलकीने बोलत असे, आणि ती आपुलकी खोटी नव्हती. पण ज्वारी त्याने पेरली, राखली, कापली. मळणीही त्यानेच केली. त्याने कोणाचे खाल्ले आणि आम्ही कोणाचे खाल्ले, हा प्रश्न त्या वाक्यात शिरूच शकत नव्हता. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा बेइमानीसाठीचा वाक्प्रचारही घरमालकानेच घडवलेला आहे. ज्याने ते वासे रानातून तोडून आणले त्याला मोजायची गरज नव्हती.

हीच गोष्ट वतनाच्या रूपाने फार मोठ्या प्रमाणावर घडली. गावगाड्यात महार हा वेशीचा राखणदार, सांगावा नेणारा, सरकारी वसूल पोहोचवणारा, सीमेच्या तंट्यात ज्याची साक्ष प्रमाण मानत तो माणूस. म्हणजे गावाने ज्याच्या भरवशावर झोपावे तो, आणि गावाबाहेर ज्याने राहावे तोही. त्याच्या या सेवेच्या बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते होते, आणि सेवेला तास नव्हते. ब्रिटिश अमदानीत १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन पक्के केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन हा मान नसून पिढ्यान्‌पिढ्यांची बांधिलकी आहे, वतनाच्या तुकड्यासाठी माणूस स्वतःचा राहत नाही, हे त्यांना आपल्याच लोकांनाही पटवून द्यावे लागले, कारण वतनाची माया तेथेही होती. विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरचा.

कान्होजींनी वतनावर पाणी सोडले ते इमान राखण्यासाठी. बाबासाहेबांनी वतनावर पाणी सोडा म्हटले ते लादलेल्या इमानातून सुटण्यासाठी. दोन्ही ठिकाणी वतन हातातून सोडल्यावरच माणसाला आपला शब्द आपला म्हणून देता येतो, आणि ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्या सेवेला इमान म्हणणे ही त्या शब्दाचीच बेइमानी आहे, असे माझे मत आहे. म्हणून एखाद्या शिपायाच्या मानपत्रात ‘इमानी सेवक’ असे लिहून येते तेव्हा मी अडतो. एकदा मी समितीला विचारले, की यांना रजा, पगारवाढ, बढती वेळेवर मिळाली का. संस्थेने त्यांच्याशी इमान राखले का? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अध्यक्षांनी मजकूर छापायला उशीर होतो आहे असे सांगितले.

बाबासाहेबांनी हा विचार वतनापाशी सोडला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल याचा दाखला देऊन सांगितले, की स्वाभिमान गमावून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही आणि स्वातंत्र्य गमावून कोणतेही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा त्याच भाषणातला आहे. तुकोबांची निष्काम, निश्चळ निष्ठा विठ्ठलापाशी राहू द्यावी, ती विठ्ठलेतरांना वाहू नये, असा त्याचा मराठी अर्थ मी लावतो. तो अर्थ बाबासाहेबांना मान्य झाला असता का, हे मला ठाऊक नाही. विठ्ठलाबद्दल त्यांचे स्वतःचे वेगळे म्हणणे होते.

राजकारणाने अर्थातच उलट केले. १९६७ मध्ये हरियाणातल्या गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द मराठीतही कायमचा आला. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची जोडून पक्षांतराला बंदी झाली. २००३ च्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीची सवलतही काढून घेतली. आपण याला पक्षांतरबंदी म्हणतो, आणि बोलण्यात निष्ठेचा कायदा असल्यासारखे वागतो. प्रत्यक्षात तो फक्त सभागृहातले मत आणि पक्षाचे सदस्यत्व बांधतो. त्या अनुसूचीत मतदाराचे नाव कोठेही नाही. आमदाराने मतदाराला दिलेला शब्द हा इमानाचा व्यवहार होता, दोन बाजूंचा. पक्षादेश पाळणे ही निष्ठा ठरली, एका बाजूची. निवडणुकीच्या तिकीटवाटपात ‘निष्ठावंतांना डावलले, उपऱ्यांना दिले’ अशी ओरड होते तेव्हा ओरडणारे निष्ठेचे नाव घेतात, पण त्यांची तक्रार इमानाची असते: आम्ही राबलो, तुम्ही काय दिले? निष्काम म्हणवणाऱ्या शब्दाला हा हिशेब मांडता येत नाही, म्हणून ती तक्रार नेहमी थोडी केविलवाणी वाटते. इमान शब्द वापरला असता तर ती सरळ हक्काची मागणी झाली असती.

आपल्या संविधानाने मात्र शब्द विचाराने ठेवले आहेत. तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथेत मंत्री, आमदार, खासदार म्हणतात, की भारताच्या संविधानाबद्दल मी ‘खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’. वाहीन नाही, बाळगीन. श्रद्धा आणि निष्ठा हे दोन्ही शब्द देवळातले आहेत, पण येथे ते कोणा देवाला किंवा माणसाला उद्देशून नाहीत. शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, एवढी निवड शपथ घेणाऱ्याकडे आहे. निष्ठा कोणाबद्दल, ही निवड त्याच्याकडे नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या शिवाजी पार्कवर नव्या सरकारचा शपथविधी झाला, तेव्हा शपथेच्या मजकुराआधी आपापल्या पक्षाच्या श्रेष्ठींची आणि थोर पुरुषांची नावे घेतली गेली, आणि त्यावर बराच वाद झाला. महिनाभराने, डिसेंबरच्या अखेरीस, विधानभवनाच्या आवारात मंत्रिमंडळाचा विस्तार होत असताना एका मंत्र्याने नमुन्यातला मजकूर संपल्यावर स्वतःची काही वाक्ये जोडली. राज्यपालांनी त्यांना थांबवले आणि शपथ पुन्हा घ्यायला लावली. वाहिन्यांवर त्या दिवशी चर्चा झाली ती राज्यपालांच्या रागाची; ज्या एका वाक्याशी ही शपथ बांधलेली आहे, त्यातला ‘खरी’ हा शब्द कोणी उच्चारला नाही.